कडक भाकरी आणि केशोसुई

आत्या जानेवारीत तोक्योला आली, तेव्हा तिच्या बॅगेत वीस कडक भाकऱ्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि आमसुलाच्या तेलाचे दोन घट्ट गोळे होते. गोळे टाचांसाठी. म्हसवडला चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली, वाड्या-वस्त्यांवर पायी हिंडलेली बाई. भेगा तिला नव्या नव्हत्या. पण पाचव्या दिवशी सकाळी तिनं पायाच्या नडगीवरून सहज नख ओढलं आणि मला हाक मारली. पाटीवर खडूनं ओढावी तशी पांढरी रेघ उठली होती.

“आपल्याकडं उन्हाळ्यातसुद्धा एवढं अंग उलत नाही गं,” ती म्हणाली. “आणि इथून समुद्र तर हाकेच्या अंतरावर. समुद्राकाठी असं कसं होतं?”

आम्ही राहतो ते निशिकासाई तोक्योच्या खाडीला लागूनच आहे, त्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला नकाशा उघडून दाखवला. हिवाळ्यात वारा सायबेरियाकडून निघतो. जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पितो, निइगाताच्या बाजूला डोंगराला अडतो आणि तिथं बर्फाचे ढीग टाकून मोकळा होतो. डोंगर ओलांडून तो कांतोच्या मैदानात उतरतो तेव्हा त्याच्याजवळ द्यायला काही उरलेलं नसतं. इथं त्याला काराक्काझे म्हणतात, म्हणजे रिकामा वारा.

“म्हणजे पर्जन्यछाया,” आत्यानं चष्मा वर केला. “महाबळेश्वरात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेची मारामार. किती वर्षं शिकवलं मी हे. तूसुद्धा डोंगराच्या आपल्याच बाजूला येऊन राहिलीस.”

मग ती तोंड धुवायला गेली आणि बेसिनवरची माझी पांढरी बाटली घेऊन बाहेर आली. आमच्या बोलण्याला खरी सुरुवात झाली ती तिथून.

“हे काय आहे? लोशन समजून घेतलं, तर हातावर नुसतं पाणी.”

“इथं ह्यालाच लोशन म्हणतात. जपानी नाव केशोसुई, म्हणजे प्रसाधनाचं पाणी. भारतातून नवीन आलेल्या पुष्कळ बायका दाट मलम समजून हेच घेऊन येतात. आपल्याकडं आता टोनर म्हणतात त्याला. तोंड धुतल्यावर पहिलं हे लावायचं, मग त्यावर न्यूएकी नावाचं दुधासारखं पातळ क्रीम.”

“पाणी लावून कोरडेपणा जातो? उलट आहे पोरी. थंडीत मुलं ओठ चाटत बसतात आणि ओठ आणखी फुटतात. मी वर्गात किती जणांना दटावलंय. पाणी उडून जातं आणि जाताना असलेलंही घेऊन जातं. कोरड्याला तेल लागतं, स्निग्ध काहीतरी लागतं. खोबरेल लाव, दुधाची साय लाव. त्यासाठी जपानला यायची गरज नाही.”

मी तिला माझी इथली पहिली थंडी सांगितली. दुपारपर्यंत कपाळ तेलानं चमकायचं आणि त्याच वेळी गाल इतके ओढले जायचे की हसताना कोणीतरी कातडी मागून धरून ठेवल्यासारखं वाटायचं. मी आईनं दिलेलं खोबरेल लावत राहिले. गालांचा ताण तसाच राहिला आणि हनुवटीवर पुटकुळ्या मात्र आल्या. ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीनं मला औषधांच्या दुकानात नेलं आणि ही बाटली हातात ठेवली. रोहतो या ओसाकाच्या कंपनीची हादा लाबो. हादा म्हणजे त्वचा. कंपनी १८९९ सालची, मूळची औषधांची, डोळ्यांत घालायच्या थेंबांसाठी नावाजलेली. २००४ साली तिनं ही मालिका काढली. रंग नाही, वास नाही, अल्कोहोल नाही. हजार येनच्या आत मिळते, आणि बाटली संपली की आतलं तेवढं पाकिटात विकत घेता येतं. लोकलमध्ये झाडू मारणाऱ्या मावशीही हे वापरतात आणि बँकेतल्या साहेबीणबाईही.

“मला तेल कमी नव्हतं, आत्या. पाणी कमी होतं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं. कोरडी त्वचा म्हणजे जिच्यात मुळात स्निग्धता कमी तयार होते, तुझ्यासारखी. वय वाढलं की तेही होतं. आणि पाणी हरवलेली त्वचा कोणाचीही असू शकते, अगदी तेलकट चेहऱ्याचीही. दिवसभर एअरकॉनच्या गरम हवेत बसायचं, फेस येणाऱ्या साबणानं दोनदा तोंड धुवायचं, रात्री बेचाळीस अंशांच्या पाण्यात डुंबायचं. मग राहील कुठून?”

“म्हणजे तेल लावून पाणी वाढत नाही, असं तुझं म्हणणं.”

“माझं नाही. १९५२ साली अमेरिकेत ब्लँक नावाच्या संशोधकानं वाळून कडक झालेल्या कातडीचे तुकडे घेतले. ते तेलात, व्हॅसलीनसारख्या पदार्थांत ठेवून पाहिले. मऊ झाले नाहीत. पाण्यात ठेवले आणि मऊ झाले. वरच्या थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की कातडी ठिसूळ होते, हेही त्यानंच दाखवलं.”

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग उठली आणि डब्यातून एक कडक भाकरी घेऊन आली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: सोलापूर भागात ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापून पापडासारखी होईपर्यंत वाळवतात, भाजतात. महिनोन् महिने टिकते. आमटीत कुस्करली की पुन्हा भाकरी होते.

“हिच्यात पाणी नाहीच,” आत्या म्हणाली. “बघू तुझा ब्लँक काय म्हणतो.”

तिनं चार तुकडे केले. एक शेंगतेलात बुडवून काढला. दुसरा पाण्यात. तिसरा पाण्यात, आणि मऊ पडल्यावर वरून तेलाचा हात. चौथा माझ्या बाटलीतल्या द्रवात. अन्न वाया घालवायचं नाही म्हणून तुकडे अगदी नखाएवढे घेतले. बशी एअरकॉनच्या वाऱ्याखाली ठेवली आणि रात्रभर कोणी हात लावायचा नाही असं बजावून ती माझ्याकडं वळली.

“आता ह्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. सगळं वाच. बारीक अक्षरातलं सोडू नकोस.”

मी वाचलं. २००१ पासून जपानमध्ये सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर सगळे घटक छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे लपवायला जागा नसते. आधी पाणी. मग ब्युटिलीन ग्लायकॉल, मग ग्लिसरीन. ज्याच्या नावावर बाटली विकली जाते ते हायलुरॉनिक आम्ल, दोन-तीन रूपांत, त्यांच्यानंतर.

“हे शेवटचं काय?”

“आपल्या शरीरात असतंच ते. सांध्यांत, डोळ्यांत, कातडीखाली. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कला गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरापासून वेगळं काढलं. काचेला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून नाव दिलं. पुढं पुष्कळ वर्षं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत.”

आत्याच्या गळ्यात माळ आहे. तिनं बाटली लगेच टेबलावर ठेवली.

“आता बहुतेक जिवाणूंकडून तयार करून घेतात,” मी घाईनं सांगितलं. “साखरेच्या द्रावणात आंबवून. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. एक ग्रॅम सहा लिटर पाणी धरतो, असं जाहिरातींत सांगतात.”

“सहा लिटर? म्हणजे अर्धी कळशी. चिमूटभर पुडीत? आणि माझ्या गालावर अर्धी कळशी पाणी येणार कुठून? पाटीवरचं गणित आणि शेतातलं पीक सारखं नसतं. बरं, हे आत जातं म्हणतात ते कुठवर?”

खरं सांगायचं तर सात वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. पाकिटावर ‘झिरपतं’ या अर्थाच्या शब्दापाशी एक फुली होती. फुलीचा खुलासा तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: काकुशित्सुसो-माडे. त्वचेच्या मृत पेशींच्या सर्वांत वरच्या थरापर्यंत. जपानमधल्या जाहिरातींच्या नियमांमुळे प्रसाधनाच्या कंपन्यांना ही मर्यादा सांगावी लागते. हा थर चेहऱ्यावर कागदाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याहूनही पातळ. हायलुरॉनिक आम्लाचे मोठे रेणू तर त्याच्याही आत शिरत नाहीत; वरच ओलसर पापुद्रा धरून बसतात.

“म्हणजे एवढ्याशा थरासाठी हा सगळा खटाटोप.”

“पण आत्या, तुझी पांढरी रेघ त्याच थरात आहे. माझे गाल ओढले जातात तेही तिथंच. त्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे चुन्यासारखी चरबी. विटांच्या आत पाणी धरणारे पदार्थ निसर्गतःच असतात, आणि गरम पाण्यात बसलं, साबण घासला की ते धुऊन जातात. बाटलीतलं ग्लिसरीन तेवढ्यापुरती त्यांची जागा घेतं. सुरकुत्या जातील, वय कमी दिसेल, असं मी म्हणत नाहीये. मला फक्त हसताना ताण नको.”

तिला ते पटलं असावं, कारण तिनं विषय बदलला नाही; फक्त आवाज खाली आला. “ग्लिसरीन,” ती म्हणाली. “आमच्याकडं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी असायचं. मेडिकलमधून छोटी बाटली आणायची. नुसतं ग्लिसरीन चिकट लागतं आणि फुटलेल्या जागी चरचरतं, म्हणून गुलाबपाण्यात मिसळायचं. तुझ्या आजीनं माझ्या लग्नाच्या आधी महिनाभर लावलं होतं मला. ओल्या तोंडावर. मग वरून साय.”

आत्याला कळलं होतं की नाही कोण जाणे, पण केशोसुई आणि न्यूएकीचा क्रमच ती सांगत होती. वीस मिनिटांपूर्वी पाण्याला नाही म्हणणाऱ्या माणसानं आपल्याच आठवणीतून पाणी आधी, स्निग्ध नंतर, असं सांगावं, याचा मला फार आनंद झाला. पण मी तो बोलून दाखवला नाही. तिला मी ओळखते. सकाळच्या बशीशिवाय तिनं निकाल मान्य केला नसता.

त्याऐवजी तिला हेचिमाबद्दल सांगितलं. एदो काळापासून, म्हणजे आपल्याकडं शिवकाळ-पेशवाई चालू होती तेव्हापासून, इथल्या बायका हेचिमाचं पाणी तोंडाला लावत आल्या आहेत. पावसाळा-उन्हाळा संपला की वेल जमिनीपासून हात-दीड हातावर कापायचा, मुळाकडचं टोक बाटलीच्या तोंडात खोचायचं आणि रात्रभर ठेवायचं. मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि सकाळपर्यंत बाटलीत वेलाचा रस जमा होतो. मी फोनवर चित्र दाखवलं.

“हे तर घोसाळं!” आत्या इतक्या मोठ्यानं म्हणाली की आतून मुलगी बघायला आली. “आमच्या परसात कुंपणावर चढायचं. वाळलं की त्याची जाळी काढून अंग घासायला घ्यायचो आम्ही.”

वेल एकच. आपण त्याच्या जाळीनं अंग घासत राहिलो आणि त्यांनी त्याचं पाणी अंगाला लावलं. मला वाटतं आमच्या दोघींमधला सगळा फरक ह्या एका वेलावर दाखवता येईल. आत्याच्या पिढीला स्वच्छता म्हणजे घासणं. कढत पाणी, उटणं, वजरी. मळ निघाला पाहिजे, कातडी लाल झाली पाहिजे. मी इथं आल्यावर पहिल्यांदा शिकले ते न घासायला. पाचशे येनच्या नाण्याएवढं पाणी तळहातावर घ्यायचं, दोन्ही हातांत पसरायचं आणि गालावर नुसतं दाबून धरायचं. चोळायचं नाही, थापट्या मारायच्या नाहीत. तोंड पुसल्यावर किंचित ओलं असतानाच. गाल तळव्याला हलकेच चिकटायला लागला की पुरे. हवं तर आणखी एक थर.

“वेळ किती जातो?”

“दीड मिनिट.”

“आणि पैसे?”

“एकशे सत्तर मिलिलिटरची बाटली. दोन वेळा लावलं तर दीड महिना सहज.”

तिनं मनातल्या मनात रुपये केले. “खोबरेल स्वस्त पडतं,” ती म्हणाली, आणि त्यात काही चूक नव्हती. फिलिपिन्समध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अंगाच्या कोरडेपणावर खोबरेल तेल आणि खनिज तेल दोन्ही सारखीच उपयोगी ठरली होती. म्हणून खोबरेलाला कमी लेखणारी जी नवी भाषा आपल्या शहरांत ऐकू येते, ती मला मुळीच आवडत नाही. पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला ते जड पडतं, एवढंच. हातापायांना त्याच्यासारखा आधार नाही.

सकाळी साडेसहाला आत्या बशीसमोर उभी होती. तेलातला तुकडा कडकच. तेलकट झाला होता, पण दाबला तसा कटकन मोडला. पाण्यातला रात्रीतून पुन्हा वाळून पत्र्यासारखा झाला होता, आणि कडा वर वळल्या होत्या. मूळ भाकरीपेक्षाही वाकडा. माझ्या बाटलीतला मधे मऊ होता, वाकत होता, पण कडेनं ताठरायला लागला होता. तिसरा, पाणी आणि वरून तेल, बोटाखाली दबला.

“तुझं पाणी हरलं,” आत्या म्हणाली.

“आणि तुझं तेलही.”

ती खुर्चीवर बसली. “आम्ही गावात बांध घातले. पाणी अडवा, पाणी जिरवा. पोरांना घेऊन गेले होते मी श्रमदानाला. पण पाऊस पडायच्या आधी बांध घातला आणि पाऊसच आला नाही, तर बांधात काय अडणार? कोरड्या अंगाला तेल लावत बसले मी इतकी वर्षं. आंघोळीनंतर खसखसून पुसायचं, साडी नेसायची, चहा प्यायचा, मग सवडीनं तेल.”

“आंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांत लावायचं. टिपून घ्यायचं फक्त.”

“आणि तू? तू पाणी लावून वरचं दूध कधीकधी विसरतेस. मी पाहिलंय. काल रात्री नाही लावलंस.”

तिचं खरं होतं. घाई असली की मी बाटलीवर भागवत असे, आणि मग दुपारी गाल पुन्हा ओढले की आणखी चार थेंब शिंपडत असे. त्या बशीतला दुसरा आणि चौथा तुकडा म्हणजे माझी कित्येक सकाळींची सवय होती.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत आम्ही कामं वाटून घेतली. चेहऱ्याला केशोसुई दोघींनाही. आत्यानं वरून बदामाचं तेल दोन थेंब, मी न्यूएकी. नडग्यांना बाटलीतलं काही नाही, ते परवडणारं नाही आणि पुरणारंही नाही. तिथं आंघोळीच्या ओलीवर खोबरेल. आंघोळीचं पाणी कढत नको, ह्यावर मात्र तिच्याशी रोज वाद झाला आणि मी तो जिंकले नाही. टाचांच्या जाड कातडीला केशोसुईचा काही उपयोग नाही हे मीच तिला सांगितलं. औषधांच्या दुकानातून युरियाचं मलम आणून दिलं. तिनं ते एका टाचेला लावलं, दुसऱ्या टाचेला आमसुलाचं तेल, कोमट पाण्यात पाय ठेवून झाल्यावर, वर मोजे घालून. दोन्ही टाचा जवळपास सारख्याच भरल्या. भेगेतून रक्त येत असतं किंवा तिला मधुमेह असता, तर हा खेळ मी होऊ दिला नसता; सरळ डॉक्टरांकडं नेलं असतं. रात्री खाज सुटून झोपमोड होत असेल, खोल भेगा पडत असतील, तर कुठल्याच बाटलीवर विसंबू नये, हे मी माझ्या मैत्रिणींनाही सांगत असते.

एक गोष्ट मात्र तिला शेवटपर्यंत पटली नाही. दुकानातल्या त्या भिंतभर फळ्या. शित्तोरी म्हणजे दाट ओलाव्याची, साप्पारी म्हणजे हलकी, सोनेरी बाटलीतली आणखी महागाची, गोरेपणाच्या आशेची वेगळी. “एका कोरड्या गालासाठी माणसाला इतकं निवडायला लावू नये,” ती म्हणाली. “पोरी इथं उभ्या राहून आपल्यात काय काय कमी आहे ते शोधत बसतात.” तिथं माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि ती त्या फळ्यांसमोर किती वेळ उभी राहते ते मला दिसतं.

जाताना मी आत्याच्या बॅगेत भरलेली बाटली आणि वर भरायचं एक पाकीट ठेवलं. मेच्या मध्यावर तिचा फोन आला. म्हसवडला बेचाळीस अंश होतं, वारा सुटला होता.

“पाणी संपलं गं तुझं,” ती म्हणाली. “पाकीटही संपलं. मग मी ग्लिसरीन आणलं, एक चमचा, आणि गुलाबपाणी दहा चमचे. त्याच बाटलीत भरलंय.”

“आत्या, त्यात टिकाऊपणासाठी काही नसतं. उन्हाळ्यात खराब होईल. आठ दिवसांपुरतंच कर, बाटली आधी उकळत्या पाण्यानं धुऊन वाळव, आणि फ्रीजमध्ये ठेव.”

“फ्रीजमध्येच ठेवलंय. दुपारी लावते, गार लागतं. मग खोबरेल.” पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. “आणि ऐक, घोसाळ्याचं बी मिळालं तर बघते. कुंपण रिकामंच आहे.”